वरणाची पळी

मोठेबा जिवंत होते तोवर मी त्यांच्या पाया पडत होते. म्हणजे कंबर वाकत होती, मन काही वाकत नव्हतं. माझ्या बापाचे हे थोरले भाऊ. निजामाच्या राज्यात कुठल्याशा नबाबाच्या देवडीवर पहारेकरी होते. नबाब गेला, देवडी गेली, पण त्या दारावर पिळलेली मिशी मोठेबांनी राखून ठेवली होती. काम म्हणाल तर मुलाच्या पगारावर जेवणं आणि गल्लीला अक्कल शिकवणं. संध्याकाळी दारात खाट टाकून बसायचे, भाजलेला मका खायचे आणि रिकामी कणसं अशी भिरकावायचे, की जाणाऱ्यायेणाऱ्यानं चुकवून चालावं. ती कणसं माझी माय वेचायची. मोठेबा तिच्याकडं बघून मोठीमायला, म्हणजे आपल्या बायकोला, ऐकू जाईल असं म्हणायचे, "उकिरडा फुंकायची सवय काय जात नाय हिची." माय डोक्यावरचा पदर नीट करायची आणि ओटी भरून कणसं घेऊन यायची. मी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेन. मला त्या माणसाचा तेव्हापासूनच तिटकारा आहे आणि आता या वयात तो कमी करावा असं मला वाटत नाही.

आम्ही हैदराबादेत काचीगुड्याच्या स्टेशनामागं एका खोलीत राहायचो. पुढं पत्र्याची पडवी, मागं हातभर परसू. गाडी आली की कोनाड्यातली भांडी खुळखुळायची आणि इंजिनाचा धूर वाळत घातलेल्या धुण्यावर बसायचा. त्या एवढ्याशा घरातनं कचरा म्हणून काही बाहेर जायचंच नाही. तांदळाचं धुवण अळूला, भांड्याचं पाणी शेवग्याला. चुलीतली राख चाळून भांड्याला, उरलीसुरली वांग्याच्या रोपांवर. दुधी आणला की सालीची चटणी, दोडका आणला की शिरांची चटणी. लुगडं फाटलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं, पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्या की त्या चूल पेटवायला. मोठेबांची कणसं पडवीच्या पत्र्यावर वाळायची. त्यातली बरीचशी जळणाला जायची, एखादं तेलाच्या बाटलीला बूच म्हणून बसायचं, एखाद्यानं माय आमच्या टाचा घासायची. मी ओरडले की म्हणायची, "मोठेबाच्या दातातनं सुटलंय ते, तुझ्या टाचेचं काय घेऊन बसलीस."

आता माझा नातू राहतो त्या इमारतीत यासाठी एक कमिटी आहे. मीटिंग भरते, चहा होतो, एकजण इंग्रजीत भाषण करतो. मागं सगळ्यांना कापडी पिशव्या वाटल्या, प्लास्टिक वापरू नका म्हणून. प्रत्येक पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती! नातसुनेनं बांबूचा दात घासायचा ब्रश मागवला. तो कुठल्याशा परदेशातनं आला, खोक्यात खोकं, त्यात आणखी एक खोकं. मी म्हटलं, बाई, खाली फाटकाशी कडुलिंब आहे, काडी मोड. ती हसली आणि माझा फोटो काढला. असो. गुणी पोर आहे, माझ्या गुडघ्याला तेल लावते, म्हणून जास्त बोलत नाही.

तर ज्या वर्षी राज्याची वाटणी झाली त्या वर्षाची ही गोष्ट. आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी मुलूख म्हैसुराला आणि हैदराबाद आंध्रात. माझा बा सरकारी कचेरीत दफ्तरी होता, कागदांचे गठ्ठे बांधायचा, सोडायचा. कचेरीतल्या कपाटांवर, खुर्च्यांवर खडूनं लिहिलं होतं, कुठली कुठं जाणार ते. बाला औरंगाबादला जायचा हुकूम आला. घरी येऊन म्हणाला, "माझ्या पाठीवर खडू मारायचा तेवढा ऱ्हायलाय." मोठे मोठे साहेब नकाशे मांडून बसले, भाषेवरून माणसं वेगळी केली, आणि आमच्या गल्लीत एका नळावर तेलुगू, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत एकाच बादलीवरून भांडणं चालली होती, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगून कळलं असतं असंही नाही.

बा जायच्या आत माझ्या थोरल्या बहिणीचं, शेवंता अक्काचं लग्न व्हायला हवं होतं. मुलगा भानुदास, रेल्वेच्या कारखान्यात कामाला. त्याचा बापही तिथलाच मिस्त्री, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. सोयरीक मोठेबांनी जुळवली होती आणि ती जुळवल्याचं दिवसातनं दोनदा ऐकवत होते. अक्काला मुलगा आवडला होता. भानुदास कारखान्याला जाताना आमच्या नळावर पाणी प्यायचा. कारखान्यात काय पाणी नव्हतं? पण माणूस तहानलेला असला की असला.

आणि त्याच दिवसांत आमच्या घरात धम्म आला. आमच्या सगळ्या समाजानंच घेतला. माणसासारखं उभं राहायला मिळालं त्याचं मोल मी काय सांगू, ते मी इथं हलकं करणार नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. माय लिहायवाचायला शिकलेली नव्हती, पण भांडी घासता घासता त्रिसरण म्हणायची. कुठं कुठं शब्द मागंपुढं व्हायचे, चाल मात्र जात्यावरची. गल्लीतले पुरुष प्रतिज्ञा पाठ करायचे आणि मोठेबा सगळ्यांच्या चुका काढायचे, स्वतः कधी म्हणून दाखवायचे नाहीत.

मोठेबांनी फर्मान काढलं. आता घरात जुने देव ठेवायचे नाहीत. रविवारी मरफ्याची वाजंत्री लावून सगळ्यांनी आपापले देव चादरघाटच्या पुलाखाली मुसी नदीत सोडायचे, चारचौघांत, म्हणजे कोणी मागं लपवून ठेवणार नाही. विचार काही वाईट नव्हता. पण मोठेबा तो असा बोलत होते, जणू धम्म त्यांच्याच देवडीतनं बाहेर पडलाय आणि तेच त्याचे पहारेकरी आहेत. घराघरात शिरून देवाच्या फळ्या तपासायला लागले. आमच्या शेजारी सखूआजी राहायची, एकटी, डोळ्यानं अधू. तिच्याकडं तिच्या मेलेल्या लेकानं आणलेला पितळेचा मारुती होता. ती म्हणाली, "देव म्हणून नको रे बाबा, लेकाची वस्तू म्हणून ऱ्हाऊ दे." मोठेबांनी तिच्या हातातनं ओढून घेतला. म्हणाले, "आंधळी ती आंधळीच ऱ्हायली." हे मी दारात उभी राहून पाहिलं आहे.

आमच्या फळीवर पितळेचा खंडोबा होता, भवानीचा मुखवटा, एक घंटी आणि एक समई. मायनं सगळं काढून चिंचेनं घासलं आणि सुपात ठेवलं. मोठेबा आले तेव्हा ती शेवग्याचा पाला निवडत होती.

"शेवंताची माय, रविवारी हे फडक्यात बांधून आण."

"भाऊजी, पितळ पाण्यात कामून टाकायचं?" मायनं पदर पुढं ओढून, जमिनीकडं बघत विचारलं.

"कामून म्हंजे? देव हाय त्यो!"

"तुमीच म्हणलात आता देव नाय. देव नसला तर पितळच ऱ्हायलं की. चांगलं दोन-अडीच शेर पितळ नदीत टाकायला आपण काय नबाब हाव का? आन नदीनं काय घोडं मारलंय आपलं?"

बा खाली मान घालून विडी ओढत होता. थोरल्या भावापुढं त्याला वाचा नव्हती. मोठेबांनी मिशीला हात घातला. "मिस्त्रीनं मला सपष्ट सांगितलंय. ज्या घरचे देव चारचौघांत सुटणार नाहीत त्या घरची पोरगी तो करणार नाय. रविवारी नाय आलीस, तर लगीन मोडलं समज. मग बस पितळ उराशी धरून." असं म्हणून जाता जाता पडवीतल्या टोपलीला लाथ लागली म्हणून टोपलीलाच शिवी दिली.

ते गेल्यावर अक्का रडायला लागली. "माय, टाक ना ते नदीत. काय जातंय तुझं?"

"नदी काय आपला उकिरडा हाय?" माय म्हणाली. "आन हे बघ. इतकी वर्सं ह्यांना दिवा लावला, निवद दाखवला. आता आपला त्यांचा संबंध नाय, तर नाय. पण घरातल्यांना असं बुडवत्यात व्हय? घरात ऱ्हायले, घरच्या कामाला लागतील."

दुसऱ्या दिवशी सगळं पितळ पिशवीत घालून माय मला घेऊन चालत बेगम बाजारला गेली. मिरच्यांच्या पोत्यांनी नाक हुळहुळत होतं. पितळ ओतणाऱ्या एका दुकानात तिनं पिशवी उलटी केली. तो माणूस पिशवीकडं आणि मायकडं बघत राहिला. "अम्मा, ये सब?" माय म्हणाली, "हौ, सब. पळी बनावो. बडी, वरण वाढने की. दांडा लंबा रखो, हात भाजता." तिची उर्दू अशीच, निम्मी आपली. त्यानं उरलेलं पितळ मजुरीत धरून शनिवारपर्यंत पळी करून दिली. वाटीएवढं तोंड, हातभर दांडा, आणि टोकाला आकडा, खुंटीला अडकवायला. अक्कानं ती बघितली आणि कपाळावर हात मारला. "देव वितळवले म्हणून कळलं तर नदीत टाकण्यापरास वाईट! आता मला कोण करतंय!" त्यानंतर ती मायशी बोलेना. भाकरी खायची ती पाठ करून खायची.

शनिवारी संध्याकाळी माय दर शनिवारसारखी मोठेबांच्या दारात साठलेली कणसं वेचायला गेली, तर एकही नाही. आठवडाभराचा मका तर खाऊन झाला होता. तिनं मोठीमायला विचारलं. मोठीमाय दारातनंच म्हणाली, "न्हाईत आज," आणि दार लावून घेतलं. माय घरी येऊन म्हणाली, "कणसाला कोण चोर निघाला गं?" उद्याची चूल पेटवायची पंचाईत. चिंध्यांवर भागवलं.

रविवारी मरफा वाजत निघाला. मरफा म्हणजे आमच्या हैदराबादचा ढोलताशा, लग्नातबिग्नात हबशी लोक वाजवतात, ऐकणाऱ्याचे पाय थांबत नाहीत. पोरं नाचत होती. सगळ्यांच्या हातात गाठोडी. सगळ्यात पुढं मोठेबा, छातीशी लाल कापडातलं भलं मोठं गाठोडं. ते इतकं जड, इतकं जड, की मोठेबा दर थोड्या वेळानं थांबून हुश्श करत होते आणि कपाळ पुसत होते. कोणी हात लावायला गेलं की म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, सात पिढ्यांचं ओझं हाय, मीच उतरवणार." लोक वाहवा करत होते. मिस्त्री त्यांच्या शेजारी होते, मागं भानुदास. आम्ही मायलेकी रिकाम्या हातानं सगळ्यांच्या मागं.

पावसाळा नुकताच सरला होता, मुसीला पाणी होतं. पुलाच्या खालच्या अंगाला धोबी कपडे आपटत होते. एकेकानं आपलं गाठोडं सोडलं. डुबुक, डुबुक, सगळी बुडाली. सखूआजीचा मारुती मोठेबांनी स्वतः लांब फेकला, तिला ऐकू जावं इतका मोठा आवाज करून. ती तोंडाला पदर लावून उभी होती. मग मोठेबा आमच्याकडं वळले. "आन ह्या बघा! माझ्या भावाची बायको. हात हलवत आलीया. हिचे देव घरात लपवून ठेवलेत. मिस्त्री, अशा घरची पोरगी तुमी करता का?"

सगळा घाट आमच्याकडं बघायला लागला. मिस्त्रींनी बाच्या तोंडाकडं बघितलं. बानं नदीकडं बघितलं. अक्का माझ्या मागं सरकली.

मायनं पदर सावरला. "मिस्त्री, उद्या जेवायला या. आमच्या घरात देव ऱ्हायलेत का नाय ते तुमच्या डोळ्यांनी बघा. मग सोयरीक ठेवा, न्हायतर मोडा."

"बघायचं काय त्यात!" मोठेबा ओरडले. "देव कसे सोडायचे ते हे बघा!" आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग फिरवून, त्यांनी ते सात पिढ्यांचं गाठोडं मुसीत भिरकावलं.

ते पडलं आणि तरंगायला लागलं.

मरफा थांबला. लाल गाठोडं फुगलं, एकदा गरकन फिरलं आणि निवांत प्रवाहाला लागलं. पितळेचे देव, पाण्यावर! आणि मग आमच्या धम्माचे पहारेकरी, ज्यांनी घरोघर जाऊन लोकांच्या चुका काढल्या, ते काय म्हणाले असतील? दोन्ही हात वर करून म्हणाले, "चमत्कार! चमत्कार झाला!" देव मानणार नाही म्हणून शपथ घेतलेला माणूस! एक दगड टाकला असता आत तरी निभावलं असतं. पण ढोंग करायलाही थोडी अक्कल लागते. आणि त्याहून लाज वाटावी असं म्हणजे, निम्म्या घाटानं हात जोडले. मिस्त्रींनीही जोडले, डोळे मिटून.

खालच्या अंगाला एका धोब्यानं काठीनं गाठोडं ओढलं, सोडलं, आणि तिथनंच हाक दिली, "ओ मूछांवाले साब! तुमारे भगवानां भुट्टे खाके बैठे क्या? ये लेको जाओ, हमारे घाट पे कचरा नक्को!" आणि त्यानं कापड उचलून धरलं. आतनं कणसं. रिकामी, दाणे खाल्लेली, आठवडाभराची.

माझी माय आयुष्यात कधी पुरुषांपुढं ओरडून बोलली नव्हती. पण तिच्या तोंडातनं गेलंच, "अगं बया, हे तर माझं जळण!"

पहिल्यांदा भानुदास हसला. मग मरफेवाले हसले, मग सगळा घाट. मोठेबा काहीतरी बोलत होते, गाठोडं कुणी बदललं, कुणी डाव केला, पण त्यांच्याकडं बघायला कोणाला वेळ नव्हता. माय पदर खोचून खाली उतरली आणि ओली कणसं ओटीत भरायला लागली. बा पुढं होऊन वाकला आणि तोही वेचायला लागला. थोरल्या भावाच्या देखत. परत निघताना मायनं सखूआजीचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

मोठेबांचे खरे देव त्यांच्या पिठाच्या डब्यात होते, ते पुढं सगळ्यांना कळलं. भीती मला समजते बरं का. पिढ्यांची भीती एका रविवारी जात नाही, कोणाचीच गेली नाही. मला ते देव ठेवले म्हणून राग नाही. पण जो आपला डबा झाकून ठेवतो आणि आंधळ्या म्हातारीच्या हातातनं तिचा लेक ओढून घेतो, त्याला मी काय मान देणार? अशी माणसं मी पुढंही खूप पाहिली, वेगवेगळ्या झेंड्यांखाली. हल्ली ती पिशव्याही वाटतात.

सोमवारी मिस्त्री आले, बायको आणि भानुदासला घेऊन. मायनं दुधी घालून आंबट वरण केलं होतं, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या भाकरी, लाल भोपळ्याच्या घाऱ्या. सालीची चटणी होतीच. कणसं काही वाळली नव्हती, चूल नुसती धुमसत होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. मिस्त्री जरा चोरट्यासारखे बसले होते, आदल्या दिवशी हात जोडले होते ना! त्यांनी फळीकडं बघितलं. तिथं तसबीर, तिच्यापुढं मेणबत्ती, आणि फळीवर डाळीचे डबे. त्यांची बायको उठून परसात डोकावून आली. अक्का दाराआड, मी तिच्या पाठीशी.

"मग, देव कुठं हायत तुमचे?" मिस्त्रींनी विचारलं.

मायनं खुंटीवरची पळी काढली, वरणात बुडवली आणि त्यांच्या ताटावर धरली. "हे काय. खंडोबा, भवानी, घंटी, समई. बेगम बाजारातनं वितळवून आणले. पाण्यात टाकवले नाय मला. आता घरात सगळ्यांना वाढत्यात."

मिस्त्रींच्या बायकोनं घास हातातच धरला. मिस्त्री पळीकडं बघत राहिले. तिचा पिवळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. आणि काय झालं कोण जाणे, जन्माची सवय, त्यांचे दोन्ही हात आपोआप छातीशी आले आणि जोडले गेले.

"हात नका जोडू मिस्त्री," माय म्हणाली. "ताट पुढं करा."

भानुदासनं खाली घातलेली मान वर केलीच नाही, खांदे मात्र हलत होते. मिस्त्रींनी आपल्याच हातांकडं पाहिलं, जणू दुसऱ्याचे आहेत. मग ते सोडवले आणि ताट पुढं सारलं. वरण भुरकलं. आणि दाराकडं न बघता म्हणाले, "शेवंता, तुझ्या मायला विचार, अजून हाय का."

अक्का दाराआडून बाहेर आली, मायच्या हातातनं पळी घेतली आणि सासऱ्याला वाढायला वाकली.